दुसऱ्या गाडीत

आत्या कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा दोन्ही गाड्या निघून गेल्या होत्या. आधी तिला वाटलं, ऊन चढलं म्हणून ड्रायव्हरांनी त्या पलीकडे झाडाखाली नेऊन लावल्या असतील. ती झाडापर्यंत जाऊन आली. तिथे एक कुत्रं जमिनीला पोट लावून झोपलं होतं. त्याने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटून घेतला. मग तिला वाटलं, वळवून आणायला नेल्या असतील. रस्ता अरुंद होता, आणि येतानाच एका गाडीचं चाक कडेच्या वाळूत रुतलं होतं. ती थांबली. तिच्या हातात नातीचा, म्हणजे भाच्याच्या मुलीचा, पोहायचा पोशाख होता; लाल, त्यावर पांढरे मासे, पिळून पिळून दोरीसारखा झालेला. पोरीच्या पोशाखात ढीगभर वाळू शिरली होती, आणि ओली वाळू अंगाला घासली की सालटं निघतात, म्हणून "तुम्ही व्हा पुढे, मी हे एवढं धुऊन आलेच" असं सांगून ती परत आत नळाखाली गेली होती. कोणाला सांगितलं होतं? भाचेसुनेला? की भाचीला? कोणीतरी पाठमोरं होतं, केसांना टॉवेल गुंडाळलेलं, आणि त्या टॉवेलने "हो हो" म्हटलं होतं.

घडलं कसं असेल ते तिला उभ्या जागी लख्ख दिसलं. सगळी मिळून आठ माणसं. दादा-वहिनींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी ही बोटीची सहल काढली होती, आणि "आत्याशिवाय कसं जायचं?" असं भाची म्हणाली होती. ते वाक्य आत्याने बरेच दिवस उराशी धरलं होतं. बोटीवर चढल्यावर तिची सोय नातीच्या खोलीत झाली, तेव्हा त्या वाक्याला आणखीही एक अर्थ असू शकतो हे तिच्या ध्यानात आलं. पण तिने वाईट वाटून घेतलं नाही, कारण पोर झोपेत तिच्या कुशीत शिरायची आणि ते तिला आवडायचं. आज सकाळी बोट या बेटाला लागली. समुद्रावर सगळे एकत्र, आणि नंतर दोन वाटा: दादाला डोंगरावरून देखावा बघायचा होता, म्हणून भाच्याची गाडी डोंगराकडे, वहिनींना बाजार बघायचा होता, म्हणून भाची आणि जावई त्यांना घेऊन बाजारात. भेटायचं थेट बोटीवर. निघताना भाच्याने मागे वळून सीटा पाहिल्या असतील आणि त्याला वाटलं असेल, आत्या त्या गाडीत असेल. आणि भाचीला वाटलं असेल, आत्या पोरीबरोबर, म्हणजे त्या गाडीत. कोणी तोंडाने म्हणालंही नसेल. घरात पंखा चालू आहे हे काही कोणी बोलून दाखवत नाही.

ती नळाजवळच्या बाकावर बसली. बाकाचं लाकूड तापलं होतं, म्हणून तिने ओला पोशाख खाली पसरला आणि त्याच्या कडेला टेकली. पिशवीतून फोन काढला. यादीत वहिनींचं नाव सगळ्यांत वर होतं, असायचंच, रोज घरी निघताना "काही आणायचंय का?" असं विचारायला ती त्यांनाच फोन करायची. अंगठा त्या नावापाशी गेला. एवढं दाबलं की झालं. मग "अगं बाई!", मग "थांब हं, थांब, गाडी वळवतोय", मग सगळ्यांचं हसणं, मग आयुष्यभराचा किस्सा. आत्याला कसे विसरलो होतो. आणि मग तिच्या मनात आलं, बघू तरी. एवढंच. शब्दही धड उमटले नव्हते. छातीत कुठेतरी एक लहानसं दार वाऱ्याने लागावं तसं झालं, आणि अंगठा नावावरून सरकून फोनच्या कडेच्या बटणावर आला. बटण दाबून धरलं. बंद होताना फोनने एक मंजुळ सूर काढला, जणू त्याचीही सुटका झाली.

समोर समुद्र होता. चित्रात असतो तसाच, अगदी निर्लज्जपणे निळा. किनाऱ्याशी हिरवट, मग निळा, मग एकदम गडद, कोणीतरी रेघ मारून दिल्यासारखा. तिला त्याच्याकडे फार वेळ बघवेना. सबंध नोकरी तिने एक्स-रेच्या खोलीत काढली होती, जिथे खिडकी नव्हती आणि उजेड म्हणजे भिंतीवरच्या पांढऱ्या चौकटीतला. थंडगार पाटीला छाती लावून उभं राहिलेलं माणूस, त्याचे खांदे दोन्ही हातांनी पुढे ओढून नीट बसवायचे, हनुवटी वर करायची, "हलू नका" म्हणायचं आणि आपण जाड भिंतीआड जायचं. काचेतून ते माणूस पाठमोरं दिसायचं. पाठीवरचे तीळ, मानेवरचा घाम. त्या क्षणी त्या खोलीत ते एकटंच असायचं, आणि ते घाबरलेलं आहे हे फक्त तिला कळायचं. असे किती जणांचे खांदे तिने ओढले असतील! पण दवाखान्याबाहेर कोणी समोर आलं तर ओळखायचं नाही. ओळखणार कसं? तिने त्यांना पाठमोरं पाहिलं होतं आणि त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. घरच्यांनासुद्धा ती आतून ओळखायची. दादाच्या गुडघ्यात हाडाला हाड कुठे घासतं, भाचीच्या पाठीचा कणा कुठल्या मणक्यापाशी किंचित कलतो, वहिनींचं डावं मनगट कुठे मोडलं आणि किती वाकडं जुळून आलं, सगळं तिला पाठ होतं. मनगट मोडलं त्या दिवशी वहिनी त्या खोलीत रडल्या होत्या, दुखलं म्हणून नव्हे, पोळ्या कोण करणार म्हणून; आणि आत्या म्हणाली होती, मी आहे ना.

मी आहे ना. हे ती नेहमीच म्हणत आली होती. आणि एकदा, काही वर्षांपूर्वी, तिच्या पोटात गाठ निघाली, गर्भपिशवी काढायची ठरली, तेव्हा जेवताना ती म्हणाली, "बुधवारपासून दोन-चार दिवस मी दवाखान्यातच राहीन." वहिनींनी विचारलं, "कसलं एवढं काम?" "आहे असंच." दादा बातम्या बघत होता. रात्रपाळी तिला नवी नव्हती; कोणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. तिच्याच दवाखान्यात, तिच्याच ओळखीच्या वॉर्डात ती चार दिवस पडून होती. भेटायच्या वेळेला दार उघडायचं आणि माणसांचा लोंढा आत यायचा: डबे, फळं, चुरगळलेली वर्तमानपत्रं, एकमेकांना दटावणारी नातेवाईक मंडळी. ती दाराकडे बघत राहायची. टाके ओढायचे, औषधाने जीभ जड झालेली, आणि तरी ती उशीवर डोकं उंच करून दाराकडे बघायची. कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी ती रिक्षाने घरी गेली, तेव्हा वहिनी ओट्यापाशी होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "आलीस? ताटं घे." तिने ताटं घेतली. वाकताना पोटातून कळ गेली ती तिने दात दाबून गिळली. आणि त्या कळेत एक विचित्र समाधान होतं, आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं.

"अगं आधी बटण फिरव, मग पेटव! आधी पेटवून कसं चालेल?"

ती दचकली. आपल्या भाषेतला आवाज! पलीकडच्या बाकावर एक माणूस फोन कानाला लावून बसला होता, चाळिशीचा, काटक, बाह्या दुमडलेल्या, आणि दोन्ही हातांवर चकचकीत डागांच्या आडव्या रेघा. तो बराच वेळ शेगडीबद्दल बोलला, मग कोणाच्या तरी खोकल्याबद्दल, मग "बरं बरं, ठेव आता" म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि तिच्याकडे पाहून ओशाळं हसला.

"आपल्याकडच्या दिसताय," तो म्हणाला. "बोटीवरच्या ना? मीपण बोटीवरच. खाली इस्त्रीला असतो. तुमच्या चादरी माझ्याच हाताखालून जातात. सुरकुती दिसली तर शिव्या मला द्यायच्या."

"छान असतात हो चादरी," ती म्हणाली. बराच वेळ न बोलल्याने आवाज घोगरा आला. "समुद्र बघायला आलात?"

"समुद्र कसला बघायचा, तो रोजचाच आहे. इथे रेंज चांगली मिळते." तो उठून जवळ आला, पण बसला नाही. "तुमची माणसं कुठायत?"

"येतील आता."

"फोन करा की."

"बंद पडलाय."

"मग हा घ्या, ह्याच्यावरून करा. लाजता काय?" त्याने फोन पुढे केला. काचेवर त्याच्या गालाचा घाम लागलेला होता.

"नंबर पाठ नाहीत हो," आत्या म्हणाली. दादाचा, वहिनींचा, भाचा-भाचीचा, सगळ्यांचे नंबर तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इस्त्रीवाल्याने फोन परत घेतला आणि क्षणभर तिच्याकडे नीट पाहिलं. मग समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "आमची बायको म्हणते, तू फोनवर नीट बोलत नाहीस. आता नीट म्हणजे कसं, तर ते ती सांगत नाही. म्हणते, ते तुझं तुला कळायला पाहिजे." तो हसला. "कळायला आम्ही काय देव आहोत?" आणि चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालत दूर गेला.

दुपार जाड झाली. वारा पडला. नारळांच्या सावल्या आखडत बुंध्यांपाशी गोळा झाल्या आणि मग दुसऱ्या बाजूने लांबायला लागल्या. मागच्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज आला की तिच्या पाठीत काहीतरी ताठ व्हायचं. ती वळून बघायची नाही, वळून न बघता ऐकायची. आवाज जवळ यायचा, मोठा व्हायचा, आणि न थांबता पुढे जायचा. मग पाठ परत सैल. आल्यावर काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. "अगं, मला तर कळलंही नाही. मस्त बसले होते मी इथे." अगदी हसत. भाची रडवेली होईल, तिला जवळ घ्यायचं. भाचा बायकोवर ओरडेल, त्याला आवरायचं. सगळ्यांना माफ करायचं. ती मनातल्या मनात अगदी उदार झाली. पण माफी मागायला कोणी येत नव्हतं, आणि ती तशीच, काठोकाठ भरलेली, बाकावर बसून होती. का कोण जाणे, तिला रक्तपेढीतला तो माणूस आठवला. तरुणपणीची गोष्ट. तिची कामाची पाळी संपायच्या वेळेला तो फाटकापाशी यायचा, बसथांब्यापर्यंत बरोबर चालायचा, हवेबद्दल बोलायचा, साहेबांच्या नकला करायचा. सबंध हिवाळा असा गेला. ती वाट बघत होती की तो विचारेल. एकदा तो म्हणाला होता, "तुम्ही काही बोलतच नाही." ती म्हणाली होती, "काय बोलू?" आणि मनात म्हणाली होती, एवढंही कळू नये? पुढे त्याच्या लग्नाचे पेढे तिच्या खोलीत आले. त्या दिवशी छातीचे एक्स-रे काढायला लांब रांग होती, ते बरं झालं.

आता इथून उठलंच नाही तर? हा विचार भीती म्हणून आलाच नाही. उन्हात डोळ्यांपुढे ठिपके नाचावेत तसा सहज आला. बोट जाईल. संध्याकाळी इथली माणसं आपापल्या घरी जातील. ती या नळावर तोंड धुईल. तिला शोधायला एखादं कार्यालय कागद करील, दादा फोनवर मोठ्याने बोलेल, आणि हळूहळू घरी तिच्या मागच्या खोलीत पोरीची सायकल ठेवतील. तिला ती सायकल दिसली, तिच्या पलंगाला टेकवून ठेवलेली, आणि तेवढ्या एका गोष्टीने ती घाबरली. बेटावर इतकी माणसं होती, पाण्यात पोरं किंचाळत होती, आणि यांतल्या एकालाही आपण कोण हे सांगता येणार नाही. उठायला हवं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि उठली नाही. अजून थोडं. कदाचित आत्ता कोणाला तरी आठवत असेल.

"बाई, आता उठा." इस्त्रीवाला परत आला होता, चपला घातलेल्या, केस ओले. "बोट कोणासाठी थांबत नाही. वळणावर शेवटची गाडी भरतेय."

"थोडं बसते. तुम्ही व्हा पुढे."

"थोडं म्हणजे किती?" तो म्हणाला. "तुमची माणसं आली तर बोटीवरच येणार ना? मग तिथेच भेटतील. चला."

तिने पोशाख उचलला. तो वाळून कडक झाला होता. गाडीत माणसं कोंबलेली होती. अनोळखी गुडघ्यांना गुडघे टेकवून ती बसली, आणि समोरून एखादी गाडी आली की रस्त्याचा धुरळा आत यायचा. तिने डोळे मिटून घेतले. तोंडात धूळ होती, आणि धुळीपेक्षा कडू असं काहीतरी: आपण हरलो की जिंकलो तेच न कळल्याचं.

बोटीच्या शिडीपाशी कार्ड लावलं, यंत्र टुंग वाजलं, ती आत आली. मधल्या दालनात भाची पिशव्यांच्या गराड्यात बसून टोप्या मोजत होती. तिने वर पाहिलं आणि तोंडभर हसली.

"आत्या! कसा होता डोंगर?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. दिवसभर ठरवलेलं सगळं कुठच्या कुठे गेलं. "छान होता," ती म्हणाली.

"आईला बघ ना, ती आत झोपलीय. बाजारात उतरलो नि लगेच डोकं धरलं तिचं. म्हणाली, तुम्ही फिरा, मी गाडी करून बोटीवर जाते. किती म्हटलं मी येते म्हणून, ऐकते का ती?"

आत्या वहिनींच्या खोलीपाशी गेली. दार वाजवलं. परत वाजवलं. सफाईवाल्याने उघडून दिलं, तेव्हा आत पलंगावरची चादर सकाळी ताणली होती तशीच ताणलेली होती. तेवढ्यात दादा आला, डोंगराने लाल झालेला, कडेवर पेंगुळलेली नात. "छोटी, तुझी वहिनी कुठाय?" तो म्हणाला. या वयातही तो तिला छोटीच म्हणायचा. खाली शिडीवरच्या माणसाने यंत्रात पाहिलं. मान हलवली. वहिनी बोटीवर आलेल्याच नव्हत्या. भाचा फोन लावत राहिला, लागेना. भाची रडायला लागली. जावई कोणाशी तरी हातवारे करून बोलत होता. आत्याने पिशवीत हात घातला, फोन सापडला, तिने तो सुरू केला. काच उजळली, आणि मग तो थरथरायला लागला, थांबेचना. वहिनी. वहिनी. वहिनी. सगळ्यांत शेवटी त्यांचा बोललेला निरोप होता. तिने कानाला लावला. मागे इंजिनाचा खडखडाट, वारा, आणि त्यातून वहिनींचा ओरडून बोलायचा आवाज: "छोटे, अगं उचल ना! मी निघालेय तिकडे. तिथेच थांब. ऐकलंस का? तिथेच थांब."

"त्या समुद्रावर गेल्यात," ती म्हणाली. "मला शोधायला."

"तुला कशाला शोधायला?" भाचा म्हणाला. "तू तर हिच्या—" आणि त्याने बहिणीकडे पाहिलं. भाची म्हणाली, "नाही, ती तुझ्या..." दादाने नातीला खाली ठेवलं. ज्या क्षणाची तिने दिवसभर वाट पाहिली होती तो हाच होता, सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळलेले, सगळ्यांना कळून चुकलेलं. आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती शिडी उतरायला लागली होती.

धक्क्यावर ऊन तिरपं झालं होतं. बहुतेक माणसं आत गेली होती. पांढऱ्या गणवेशातला अधिकारी घड्याळ बघत होता. त्याने हाताने खूण केली, वर चला. ती गेली नाही. त्याने जवळ येऊन समजावलं, प्रथम गोड आवाजात, मग तितक्याशा गोड नसलेल्या. दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर ती बसली आणि मोठ्याने म्हणाली, "त्या आल्याशिवाय मी येणार नाही." भाषा त्याला कळायची नव्हती, पण तो मागे सरला. इतक्या मोठ्याने आपण यापूर्वी कधी बोललो होतो, हे तिला आठवेना. वर कठड्याशी दादा उभा होता, इथून अगदी लहान दिसत होता. फाटकाकडून सामानाच्या गाड्या येत होत्या. भोंगा झाला. तो तिच्या पोटातून गेला. आणि फाटकाच्या आत, लांबवर, एक बाई चालत येताना दिसली, लंगडत, एक चप्पल पायात आणि एक हातात.

आत्या धावली. वहिनी थांबल्या नाहीत, चालतच राहिल्या. कपाळाला केस चिकटलेले, तोंड उन्हाने रापलेलं, श्वास लागलेला. टाचेवरचा फोड फुटून चपलेचा पट्टा लाल झाला होता.

"होतीस कुठे?"

"तिथेच होते."

"तिथे मी जाऊन आले. वाटेत गाडी बंद पडली, चालत चालत दुसरी मिळाली तेव्हा कुठे पोचले. खोल्या बघितल्या, नळ बघितला, मागच्या झाडीत जाऊन हाका मारल्या. वेड्यासारखी हाताने दाखवत होते सगळ्यांना, एवढी उंच, पांढरे केस. नव्हतीस तू."

"मग नुकतीच निघाले असेन."

"आणि फोन?"

बॅटरी, हा शब्द तिच्या ओठांवर होता. वहिनी त्यावर विश्वास ठेवायला तयारच होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर तो आधीच मांडलेला होता. आत्या म्हणाली, "बंद केला होता."

"केला होता?"

"हो."

"का?"

"बघत होते. कधी लक्षात येतंय तुमच्या."

वहिनी थांबल्या. वरून जावई ओरडत होता, अधिकारी हात हलवत होता. वहिनींनी त्या कोणाकडे पाहिलं नाही. "बाजारात उतरल्या उतरल्या लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "एक पिशवी दिसली चांगली. मी म्हटलं, छोटे, ही बघ गं. आणि शेजारी जावई उभा. तुझा फोन लावला तर बंद, तेव्हाच ओळखलं तू मागे राहिलीस; पोरांना डोकं दुखतंय म्हटलं नि निघाले." त्यांनी हातातली चप्पल खाली टाकली, पाय घालून पाहिला, परत उचलली. "ऑपरेशनच्या वेळी असंच केलंस. मला महिन्याने बाहेरून कळलं, तुझ्या वॉर्डातल्या एका नर्सकडून. म्हटलं, सांगेल, आज सांगेल, उद्या सांगेल. तू परीक्षा ठेवतेस, छोटे, आणि परीक्षा आहे हे कोणाला सांगत नाहीस. मग आम्ही नापास होतो आणि तू गुपचूप ताटं घेतेस." त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले. "मी आज आले नसते तर काय केलं असतंस?"

"काही नाही. बोलले असते नेहमीसारखी."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या. आत्याने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. शिडीचा कठडा धरला आणि एकेक पायरी चढत गेल्या. वर सगळ्यांनी त्यांना घेरलं. अगं आई, काय हे, आणि आत्या, तुझा फोन का बंद होता? "बॅटरी संपली होती तिची," वहिनी म्हणाल्या, कोणाकडेही न बघता. "आता पुरे. मला पडू दे जरा." आणि आत निघून गेल्या.

जेवणाच्या दालनात तासाभरातच त्याचा किस्सा झाला. आधी आत्या हरवली, मग आई हरवली, उद्या कोणाची पाळी, असं जावई म्हणाला आणि सगळे सुटल्यासारखे हसले. भाचीने आत्याच्या गळ्यात हात टाकला, सॉरी गं, सॉरी. भाच्याने तिच्या ताटात स्वतः वाढलं. दादा म्हणाला, "छोटी खमकी आहे, तिला काय होतंय?" ती हसली. खिडकीबाहेर बेट मागे सरत होतं, आता नुसताच एक काळसर फुगवटा. तिला हवं होतं ते सगळं इथे मांडलेलं होतं, आणि घास घशाखाली उतरत नव्हता. एकच खुर्ची रिकामी होती. या टेबलावरच्या सगळ्या मायेपेक्षा त्या रिकाम्या खुर्चीतला राग तिला अधिक जवळचा वाटला. कोणी आपल्यावर एवढं रागावेल, इतका वेळ, हे तिच्या कधी स्वप्नातही नव्हतं. आणि त्या रागापाशी कसं जायचं हेही तिला ठाऊक नव्हतं.

ती उठली. बोटीवरच्या दवाखान्यातून तिने पट्टी आणि मलम मागून घेतलं. लांब बोळातून चालत ती वहिनींच्या दारापाशी आली आणि तिने दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

मग आतून, थकलेल्या आवाजात, "आता नको, छोटे. पडलेय मी."

"बरं," ती म्हणाली. तिचे पाय वळलेसुद्धा. त्यांना सवय होती. दोन दारं पुढे गेल्यावर तिने भिंतीला हात लावला. पायाखाली बोट सावकाश डुलत होती. ती परत आली, दाराला तोंड जवळ नेलं, आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "वहिनी, मी गेले नाहीये. तुमच्या पायाला मलम आणलंय. मी इथे बाहेर बसतेय. मला तुमच्याशी बोलायचंय. वाटेल तेव्हा उघडा."

ती गालिच्यावर खाली बसली, पाठ भिंतीला टेकवली, पाय लांब केले. जेवायला निघालेलं एक जोडपं समोरून आलं, झगमगीत कपड्यातलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि तिचे पाय ओलांडून पुढे गेले. तिने पाय आवरले नाहीत.